सौर विजेसाठीं इन्व्हर्टर कसा निवडावा

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस सुरगाणा, पेठ व त्र्यंबकेश्वर ह्या तालुक्यांत डोंगरउतारांवर लहान लहान पाडे विखुरलेले आहेत. विजेचे खांब बहुतेक ठिकाणीं पोंचले आहेत; परंतु पावसाळ्यांत एखादें झाड पडलें किंवा तार तुटली, म्हणजे पाड्यावर अंधार होतो, आणि दुरुस्तीचा मनुष्य येईपर्यंत वाट पाहण्यावांचून उपाय राहत नाहीं. शेतांतील एकाकी वस्तीपर्यंत तार नेणें तर खर्चाचें काम. अशा स्थळीं सूर्यप्रकाशापासून वीज घेण्याचा मार्ग आतां पुष्कळांस मोकळा झाला आहे, व आमच्या वाचकांपैकीं कित्येक जण घरासाठीं, शाळेसाठीं अथवा प्रार्थनामंदिरासाठीं असें साहित्य विकत घेण्याच्या विचारांत असतील. दुकानांत गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो हा कीं, इन्व्हर्टर कोणता द्यावा? आणि बहुधा ह्याच प्रश्नापाशीं गरीब मनुष्याचा पैसा व्यर्थ जातो. कोणी फार मोठें यंत्र घेऊन कर्जांत पडतो, तर कोणी स्वस्त यंत्र घेऊन वर्षाच्या आंत पंखा व इतर उपकरणें जाळून बसतो.

म्हणून ह्या पाठांत एकच गोष्ट आम्हांस वाचकांच्या मनावर ठसवावयाची आहे. इन्व्हर्टर प्रथम निवडूं नये. तो शेवटीं निवडावा. आपणांस काय चालवावयाचें आहे, किती वेळ, व वर्षाच्या कोणत्या दिवसांत, ह्याची मोजणी ज्यानें आधीं केली, त्याला यंत्राची जात आपोआप कळून येते. ज्यानें ती केली नाहीं, त्याची निवड दुकानदार करितो.

१. इन्व्हर्टरचें काम काय?

उन्हांत ठेवलेल्या सोलर पॅनलांतून व बॅटरींतून जी वीज निघते ती नदीच्या पाण्याप्रमाणें एकाच दिशेनें वाहते. तिला व्यवहारांत डी.सी. म्हणतात. महावितरणच्या तारेंतून घरांत येणारी वीज निराळी. ती पाळण्याच्या झोक्याप्रमाणें एकदां पुढें व एकदां मागें हेलकावे घेते, आणि असे पुरे हेलकावे सेकंदास ५० होतात. तिला ए.सी. म्हणतात, व तिचा दाब आपल्या देशांत २३० व्होल्ट धरिलेला आहे. बाजारांतील साधा पंखा, मिक्सर, टी.व्ही., फ्रीज हीं सर्व ह्या दुसऱ्या प्रकारच्या विजेसाठीं बनविलेलीं असतात. पहिल्या विजेचें दुसऱ्या विजेंत रूपांतर करणारें यंत्र तो इन्व्हर्टर.

इन्व्हर्टर वीज उत्पन्न करीत नाहीं, व सांठवूनहि ठेवीत नाहीं. वीज उत्पन्न करणें हें पॅनलाचें काम, सांठविणें हें बॅटरीचें. इन्व्हर्टर हा केवळ दुभाष्या होय. दोन भिन्न भाषा बोलणारांच्या मध्यें उभा राहून तो एकाचें बोलणें दुसऱ्यास कळवितो, आणि ह्या कामाबद्दल आपली मजुरी घेतो. चांगल्या इन्व्हर्टरची ही मजुरी शेंकडा १० ते १५ इतकी असते; म्हणजे बॅटरींतून १०० भाग वीज निघाली तर ८५ ते ९० भाग उपकरणांपर्यंत पोंचतात. हा दृष्टान्त वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें तो उपयोगी पडेल.

२. आधीं मोजणी

कागद घ्यावा व त्यावर घरांतील उपकरणें एकाखालीं एक लिहावीं. प्रत्येकावर वॅटचा आंकडा छापलेला असतो, तो त्यापुढें मांडावा, व रोज किती तास चालवावयाचें तें लिहावें. वॅटला तासांनीं गुणिलें म्हणजे वॅट-तास येतात. असे १००० वॅट-तास म्हणजे वीजबिलांतील एक युनिट.

उदाहरणार्थ, पाड्यावरील एक घर घेऊं. त्यांत ९ वॅटचे चार एल.ई.डी. दिवे पांच तास जळतात : १८० वॅट-तास. बी.एल.डी.सी. जातीचे ३० वॅटचे दोन पंखे आठ तास चालतात : ४८०. तीन मोबाइल १० वॅटनें दोन तास भरले जातात : ६०. पन्नास वॅटचा टी.व्ही. तीन तास : १५०. एकंदर ८७० वॅट-तास झाले. इन्व्हर्टरची व तारांची तूट धरून बॅटरींतून सुमारें १००० वॅट-तास काढावे लागतील. आतां सर्व उपकरणें एकदम चालू केलीं असतां भार किती येतो तें पाहावें : ३६, ६०, ३० व ५० मिळून अवघे १७६ वॅट!

हा दुसरा आंकडा फार महत्त्वाचा आहे. इन्व्हर्टरचा आकार दिवसभराच्या वापरावरून ठरत नाहीं. तो एका वेळच्या सर्वांत मोठ्या भारावरून ठरतो. दिवसभराच्या वापरावरून ठरतात तीं बॅटरी व पॅनल. ह्या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळें १७६ वॅटच्या घरांत हजार-दीड हजार वॅटचें यंत्र येऊन बसतें.

ह्याच हिशोबांतून आणखी एक शहाणपण शिकावयास मिळतें. वरील घरांत जुन्या जातीचे ७५ वॅटचे दोन पंखे असते, तर नुसत्या पंख्यांस १२०० वॅट-तास लागले असते. म्हणजे पंखे बदलल्यानें रोजचे ७२० वॅट-तास वांचले. जेथें प्रत्येक वॅट विकत घेतलेल्या पॅनलांतून येतो, तेथें भार कमी करणें हें पॅनल वाढविण्यापेक्षां बहुधा स्वस्त पडतें. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथें अक्षरशः खरी आहे.

आतां बॅटरी. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची ट्यूबलर बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तासांचें कोठार. परंतु शिशाची बॅटरी रोज निम्म्याहून खालीं रिकामी केली तर तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. म्हणून तिच्यांतील ९०० वॅट-तासच आपले समजावे. लिथियम आयर्न फॉस्फेट जातीच्या बॅटरीचा शेंकडा ८० ते ९० भाग वापरतां येतो. ती महाग, पण टिकाऊ. वरील घरास एक शिशाची बॅटरी कशीबशी एक दिवस पुरेल. एखादा दिवस ऊन पडलेंच नाहीं तर त्यासाठीं दुसरी लागेल.

पॅनलाचा हिशोब करितांना ऋतूचा विचार केला पाहिजे. नाशिकास वर्षाच्या सरासरीनें दिवसाला सुमारें पांच तासांचें पुरें ऊन मिळतें असें धरण्यास हरकत नाहीं. परंतु आषाढ-श्रावणांत इगतपुरी, पेठ व सुरगाणा ह्या बाजूस ढग दिवसेंदिवस हटत नाहींत. तेथें तीन तासच धरावे, व कधीं तेवढेंहि मिळणार नाहीं. उष्णता, धूळ व तारा ह्यांची तूट वजा करून पॅनलाच्या वॅटचा शेंकडा ७० भाग हातीं लागतो असें मानावें. ह्या मापानें उन्हाळ्यांत १००० वॅट-तासांस ३०० वॅटचें पॅनल पुरतें. पावसाळ्यांत ५०० वॅटचें लागतें. येवला, नांदगांव किंवा सिन्नरचा पूर्व भाग अशा कोरड्या मुलुखांतील मनुष्यानें व हरसूलच्या मनुष्यानें एकच संच घेऊं नये, ह्याचें कारण हें.

३. दुभाष्या नको तेथें

एल.ई.डी. दिवा, मोबाइल, बी.एल.डी.सी. पंखा ह्यांच्या अंतर्यामीं पाहिलें तर तीं सर्व मुळांत डी.सी. विजेवरच चालतात. घरांतील ए.सी. वीज तीं आपल्या पोटांत पुन्हां डी.सी. करून घेतात. म्हणजे बॅटरींतील डी.सी.ची ए.सी. करावी, व दिव्यानें तिची पुन्हां डी.सी. करावी; दोन्ही वेळां तूट सोसावी. जेथें दोघे एकच भाषा बोलतात तेथें दुभाष्याचें काय काम? अशा घरीं १२ व्होल्टचे डी.सी. दिवे व डी.सी. पंखा घ्यावा, मध्यें बॅटरी भरण्याचें नियंत्रण करणारा चार्ज कंट्रोलर ठेवावा, आणि इन्व्हर्टर घेऊंच नये. २०१७ सालीं केंद्र सरकारनें सुरू केलेल्या सौभाग्य योजनेंत दुर्गम घरांसाठीं जो सौर संच नेमला होता तो ह्याच जातीचा होता : २०० ते ३०० वॅटचें पॅनल, बॅटरी, पांच एल.ई.डी. दिवे, एक डी.सी. पंखा व एक डी.सी. प्लग. जगांत कित्येक ठिकाणीं लस ठेवण्याचे फ्रीजहि आतां असे बनतात कीं, त्यांचा कॉम्प्रेसर पॅनलाच्या डी.सी.वर थेट चालून दिवसा बर्फ करून ठेवितो व रात्रीं तें बर्फ थंडावा राखतें. त्यांस बॅटरीहि नको व इन्व्हर्टरहि नको.

परंतु ह्या रीतीस एक मर्यादा आहे, ती तारेची. दाब कमी असला म्हणजे तेवढ्याच वॅटसाठीं प्रवाह अधिक वाहतो, व लांब तारेंत तो गळतो. ६० वॅटला १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार २० मीटर दूर नेली, तर जातां-येतां दीड व्होल्ट वाटेंतच नाहींसा होतो. म्हणजे दाबाचा आठवा हिस्सा गेला. तेच ६० वॅट २३० व्होल्टवर नेले तर पाव अँपिअर पुरतो, व तूट नांवापुरती राहते. म्हणून एक-दोन खोल्यांच्या घरास डी.सी. उत्तम, शाळा, वसतिगृह किंवा दूरदूरचीं दालनें असलेली इमारत ह्यांस इन्व्हर्टर हवाच.

४. लहरींचे तीन प्रकार

इन्व्हर्टर घेणें ठरलें, तर पुढचा प्रश्न तो कोणत्या लहरीची वीज देतो हा. बाजारांत तीन नांवें ऐकूं येतील : स्क्वेअर वेव्ह, मॉडिफाइड साइन वेव्ह व प्युअर साइन वेव्ह.

पाळण्याकडे पुन्हां पाहावें. खरा झोका मधोमध वेगानें जातो, टोंकास हळू होतो, क्षणभर थांबतो, व मग परततो. तारेंतील वीज अशी गोलसर चढते व उतरते. हीच शुद्ध साइन लहर. पाळण्यास कोणी एकदम ह्या टोंकास ओढलें व एकदम त्या टोंकास ढकललें, तर आंतील मूल जागें होऊन रडूं लागेल. स्क्वेअर वेव्ह म्हणजे हेंच ओढणें व ढकलणें. मॉडिफाइड लहर दोहोंच्या मधली. तिला एक-दोन पायऱ्या असतात, मध्यें किंचित् विसांवा असतो, पण धक्का धक्काच.

कोणतें उपकरण हे धक्के सोसतें? पिवळा तारेचा दिवा व पाणी तापविण्याचा हीटर ह्यांस फक्त ऊष्मा हवा. त्यांस कोणतीहि लहर चालते. मोबाइलचे चांगले चार्जर व बहुतेक टी.व्ही. मॉडिफाइड लहरीवरहि चालतात. परंतु मोटर असलेल्या उपकरणांची गोष्ट वेगळी. पंखा घूं-घूं आवाज करूं लागतो. कारण धक्क्यांमधील जादा विजेचें फिरणें होत नाहीं, उष्णता होते. फ्रीजचा कॉम्प्रेसर व पाण्याची लहान मोटर अधिक तापतात, व वेटोळ्याचें आवरण हळू हळू जळतें. स्वस्त एल.ई.डी. दिवे व विजेवर भरणाऱ्या कांहीं बॅटऱ्या ह्यांच्या आंत केवळ एक कॅपेसिटर घालून दाब उतरविलेला असतो. अशांत धक्क्याच्या लहरीमुळें प्रमाणाबाहेर प्रवाह जातो व तीं अकस्मात् बंद पडतात. दवाखान्यांतील मोजमापाचीं यंत्रें तर शुद्ध लहरीवांचून वापरूंच नयेत.

सारांश, ज्या घरांत मोटरचें एकहि ए.सी. उपकरण आहे त्यानें प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर घ्यावा. त्याची व स्वस्त यंत्राची किंमत ह्यांतील अंतर एका जळलेल्या फ्रीजपुढें कांहींच नाहीं. ज्याचें मोटरवांचून चालतें त्यानें मागील कलमांतील डी.सी. संचाचा विचार करावा. अशा रीतीनें पाहिलें तर मधल्या मार्गाचें स्वस्त यंत्र घेण्यासारखीं घरें थोडींच उरतात.

५. मोटरचा पहिला धक्का

चिखलांत रुतलेली बैलगाडी हलवितांना बैलांस जितका जोर लागतो तितका ती चालूं लागल्यावर लागत नाहीं. मोटरचें असेंच आहे. १२० वॅटवर चालणारा साधा फ्रीज सुरू होतांना क्षणभर त्याच्या पांच-सहा पट वीज ओढतो. इन्व्हर्टरला हा क्षण सोसतां आला नाहीं तर तो बंद पडतो.

ह्या दृष्टीनें शुद्ध लहरीच्या इन्व्हर्टरांतहि दोन जाती आहेत. एकींत तांब्या-लोखंडाचा मोठा ट्रान्सफॉर्मर असतो. ती जड व महाग, परंतु आपल्या मापाच्या दुप्पट-तिप्पट भार कांहीं सेकंद सहन करिते. दुसरी वजनानें हलकी, उच्च कंपनाच्या लहान भागांची. तिची वीज कमी वाया जाते, पण अचानक धक्का तितका सोसत नाहीं. जेथें फ्रीज, मिक्सर किंवा पाण्याची मोटर आहे तेथें जड जात बरी. जेथें दिवे, पंखे व संगणक आहेत तेथें हलकी जात पुरे.

यंत्रावरील आंकडाहि नीट वाचावा. ‘१००० व्ही.ए.’ म्हणजे १००० वॅट नव्हे. यंत्राचा पॉवर फॅक्टर ०.८ असला तर तें ८०० वॅटच देईल. तसेंच ‘इन्व्हर्टर फ्रीज’ हें नांव ऐकून पुष्कळ जण घोटाळ्यांत पडतात. त्या फ्रीजच्या पोटांत आपला कॉम्प्रेसर हळू सुरू करणारें स्वतंत्र यंत्र असतें, व त्यामुळें पहिला धक्का कमी बसतो, इतकाच त्याचा अर्थ. त्याला घरचा इन्व्हर्टर लागतोच.

येथें एक व्यावहारिक गोष्ट सांगतों. वरील १७६ वॅटच्या घरांत ५०० वॅटचा मिक्सर आणावयाचा ठरला, तर त्या एका उपकरणासाठीं १००० व्ही.ए.चें यंत्र घ्यावें लागतें. रोज पांच मिनिटांच्या चटणीसाठीं एवढा खर्च करावा, कीं पाटा-वरवंटा आणखी कांहीं दिवस ठेवावा, हें त्या घरच्या बायामाणसांस विचारून ठरवावें. कारण वाटण्याचे श्रम त्यांचे आहेत.

६. रिकामें बसून खाणारें यंत्र

इन्व्हर्टर चालू ठेवला व त्यावर एकहि दिवा नसला, तरी तो स्वस्थ बसून वीज खातो. घरगुती मापाच्या यंत्रांत हा खर्च १० ते २५ वॅट असतो, व यंत्र जितकें मोठें तितका तो बहुधा अधिक. पंधरा वॅटचा खर्च धरला व घरचीं माणसें शेतावर गेलीं असतां यंत्र बारा तास रिकामें चालू राहिलें, तर १८० वॅट-तास गेले. वरील हिशोबांत चारहि दिवे पांच तास जाळण्यास लागले ते बरोबर इतकेच! म्हणजे पावसाळ्याच्या दिवसांत, जेव्हां एकेक वॅट-तास मोलाचा, तेव्हां मुलांच्या अभ्यासाचा उजेड रिकामें यंत्र खाऊन टाकितें.

म्हणून विकत घेतांना ‘भार नसतांना किती वॅट लागतात?’ हा प्रश्न अवश्य विचारावा, व यंत्राच्या माहितीपत्रकांत तो आंकडा पाहावा. घरी आणल्यावर गरज नसतां बटण बंद करण्याची संवय सर्वांस लावावी. फाजील मोठें यंत्र घेण्याचा दंड एकदांच किंमतींत भरावयाचा नसतो; तो रोज भरावा लागतो.

७. तारेशीं जोडलेला, न जोडलेला व दुहेरी

आतां ज्या एका बाबतींत सर्वांत अधिक फसगत होते ती सांगतों. फेब्रुवारी २०२४ मध्यें पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली, व तींत छपरावरील तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांचें साह्य ठरलें. ह्या योजनेंतील संच महावितरणच्या तारेशीं जोडलेले असतात. त्यांच्या इन्व्हर्टरला ऑन-ग्रिड म्हणतात. दिवसा उरलेली वीज तारेंत जाते व बिलांतून वजा होते. बिल कमी करण्यास ही व्यवस्था चांगली. परंतु तारेंतील वीज गेली म्हणजे हा इन्व्हर्टर स्वतः बंद होतो. भर दुपारीं छपरावर ऊन तळपत असतां खालीं घरांत पंखा थांबतो.

हा दोष नव्हे, ही शिस्त आहे. तार तुटली व वायरमन खांबावर चढून ती जोडीत आहे, आणि एखाद्या घरांतून तारेंत वीज चालूच राहिली, तर त्या मनुष्याचा प्राण जाईल. म्हणून तारेंतील वीज नाहींशी होतांच इन्व्हर्टरनें आपण होऊन थांबावें असा नियमच आहे. पाड्यावर अंधार होऊं नये एवढ्यासाठीं जो संच घेत आहे त्यानें साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर घेतला तर त्याचा हेतु सिद्ध होणार नाहीं.

जेथें तार मुळींच नाहीं तेथें ऑफ-ग्रिड इन्व्हर्टर व बॅटरी घ्यावी. जेथें तार आहे पण भरंवशाची नाहीं तेथें हायब्रिड म्हणजे दुहेरी इन्व्हर्टर उपयोगी. तो पॅनल, बॅटरी व तार ह्या तिघांशीं बोलतो, व तार मेली असतां घर तारेपासून तोडून बॅटरीवर चालवितो. असा इन्व्हर्टर बसवितांना ‘आधीं सूर्य, मग बॅटरी, शेवटीं तार’ असा क्रम लावून घ्यावा. नाहींतर रात्रीं तारेनेंच बॅटरी भरून जाते व सकाळच्या उन्हास जागाच उरत नाहीं.

पॅनलाची बॅटरीशीं गांठ घालणाऱ्या चार्ज कंट्रोलरच्याहि दोन जाती आहेत, व कित्येक इन्व्हर्टरांत तो आंतच असतो. स्वस्त जात पी.डब्ल्यू.एम. व दुसरी एम.पी.पी.टी. हल्लीं ५४० वॅटचें मोठें पॅनल वॅटमागें स्वस्त मिळतें. त्याचा दाब सुमारें ४१ व्होल्ट व प्रवाह १३ अँपिअर. तें पी.डब्ल्यू.एम. कंट्रोलरनें १२ व्होल्टच्या बॅटरीस जोडलें, तर पॅनलाचा दाब बॅटरीपर्यंत खालीं ओढला जातो, व १३ अँपिअर गुणिलें १३ व्होल्ट, म्हणजे जेमतेम १७० वॅट हातीं येतात. दोन-तृतीयांश पॅनल छपरावर शोभेस राहिलें! अशा पॅनलास एम.पी.पी.टी. जातच पाहिजे, ती जादा दाबाचें प्रवाहांत रूपांतर करून घेते.

८. शेतांतील पंप

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांपासून पेठच्या भातशेतापर्यंत पाण्याचा पंप हा शेतकऱ्याचा मोठा भार. २०१९ सालच्या पी.एम.-कुसुम योजनेंतून व २०२४ सालच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ह्या राज्याच्या योजनेंतून सौर पंप मिळूं लागले. शेतकऱ्यानें किंमतीचा शेंकडा १० भाग, व अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यानें ५ भाग भरावयाचा. अडीच एकरांपर्यंत ३, पांच एकरांपर्यंत ५, व त्याहून अधिक जमिनीस साडेसात अश्वशक्तीचा पंप, असें तिचें प्रमाण ठरलें.

ह्या पंपाजवळील पेटी हाहि एक प्रकारचा ऑफ-ग्रिड इन्व्हर्टरच. पण त्याची रीत निराळी. पांच अश्वशक्तीचा पंप म्हणजे सुमारें ३७३० वॅट. असा पंप घरगुती इन्व्हर्टरवर सुरू करूं म्हटलें तर पहिल्या धक्क्यास पांच-सहा पट जोर लागून यंत्र तत्काळ बंद पडेल. पंपाचा कंट्रोलर मोटरला धक्का देतच नाहीं. तो हेलकाव्यांची गति प्रथम मंद ठेवितो व हळू हळू वाढवितो. ढग आला तर ती उतरवितो, व ऊन पडलें कीं पुन्हां चढवितो. म्हणून बॅटरीवांचूनहि पंप चालतो. येथें वीज सांठविण्याचें काम पाणीच करितें : दिवसा शेततळें किंवा उंचावरची टांकी भरून ठेविली म्हणजे झालें.

परंतु हेलकाव्यांची गति सारखी बदलते ह्याच कारणास्तव पंपाच्या कंट्रोलरवर घरचे दिवे व टी.व्ही. जोडणें धोक्याचें आहे. पंप बंद असतां त्याच पॅनलांवर कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालवावयाची असेल, तर युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर नांवाची त्यासाठींच बनविलेली पेटी मिळते, तीच मागावी.

९. जोडणींत घ्यावयाची काळजी

१२ व्होल्टवर १००० वॅट काढावयाचे तर बॅटरीच्या तारेंतून सुमारें शंभर अँपिअर वाहतात. बारीक तार तापून आग लागेल. म्हणून हजार वॅटपर्यंत १२ व्होल्ट, त्याहून पुढें दोन-अडीच हजारांपर्यंत २४, व त्यापलीकडे ४८ व्होल्टची बॅटरीमाला घेण्याचा प्रघात आहे. बॅटरी व इन्व्हर्टर ह्यांमध्यें योग्य मापाचा फ्यूज असावाच. शिशाच्या बॅटरींतून भरतांना पेट घेणारा वायु निघतो. तिला वारा असलेल्या जागीं ठेवावें, व तिच्याजवळ चूल किंवा दिवा नसावा. इन्व्हर्टर पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवूं नये; मालेगांवकडे उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, व तापलेलें यंत्र आपल्या मापाइतकें काम देत नाहीं. पॅनलाची चौकट व यंत्र ह्यांस जमिनींत अर्थिंग द्यावें. वळवाच्या विजा आमच्या डोंगरांत नेहमींच्या आहेत. आणि इन्व्हर्टरची वीज महावितरणच्या बोर्डांत परस्पर कधींहि घुसवूं नये. त्यापासून होणारा धोका वर सांगितलाच आहे.

तात्पर्य

आधीं यादी व मोजणी करावी. मग भार कमी करावा. डी.सी.वर भागत असेल तर दुभाष्या घेऊं नये. मोटर असेल तर शुद्ध लहर घ्यावी व पहिल्या धक्क्याचा विचार करावा. यंत्र भाराच्या मापाचें असावें, फाजील मोठें नसावें. अंधार टाळणें हा हेतु असेल तर ऑफ-ग्रिड किंवा हायब्रिड जातच घ्यावी. पंपाचें यंत्र पंपास व घराचें घरास. इतकें कागदावर लिहून जो मनुष्य दुकानांत जाईल त्याला कोणी सहसा फसविणार नाहीं. आणि ज्याला लिहितां येत नाहीं अशा शेजाऱ्याची यादी गांवच्या शिक्षकानें किंवा शिकलेल्या मुलानें करून दिली, तर तेवढ्यानें एका घराचें कर्ज टळूं शकेल.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. इन्व्हर्टरचा आकार कोणत्या आंकड्यावरून ठरतो, व बॅटरी आणि पॅनल कोणत्या आंकड्यावरून?

२. आपल्या घरांतील उपकरणांची यादी करून रोजचे वॅट-तास काढा. त्यांपैकीं कोणतीं उपकरणें डी.सी.वर चालूं शकतील?

३. मॉडिफाइड लहरीवर पंखा आवाज कां करितो?

४. तारेंतील वीज गेली असतां ऑन-ग्रिड इन्व्हर्टर बंद होतो, हें योग्य कां?

५. २० वॅट रिकामा खर्च असलेला इन्व्हर्टर रोज दहा तास व्यर्थ चालू राहिला, तर महिन्यास किती युनिट वाया जातील?

६. आपल्या गांवीं आषाढांत दिवसाला किती तास ऊन पडतें? त्या मानानें वरील घरास किती वॅटचें पॅनल लागेल?